पडद्यावरची बाई आणि माझी नडगी

मित्रांनो, रबराचा का होईना, पण मी एक जुना पेशंट आहे. सांगलीहून टेम्पोत आडवा पडून मी साताऱ्याच्या या नर्सिंग कॉलेजात आलो, तेव्हा मुलींनी माझं नाव कोंडीबा ठेवलं. सुई टोचायची ती मला, अंग पुसायचं ते माझं. पास होऊन गेलेल्या मुली भेटायला आल्या की म्हणत, कोंडीबामुळंच हात बसला. मग कॉलर नसली तरी ती ताठ व्हायची.

आणि ती आली. पडद्यावरची बाई. खरी नव्हे, संगणकाच्या पडद्यावर कृत्रिम बुद्धिमत्तेनं बोलणारी पेशंट. काय होतंय विचारलं की कुठं दुखतं, कधीपासून, सगळं घडाघडा सांगते. मुली तिच्याभोवती आणि मी कोपऱ्यात चादरीखाली. माझा नुसता जळफळाट व्हायचा. वीज गेली की मला बरं वाटायचं. सगळ्यात लागलं ते अपेक्षाचं. माणमधल्या मेंढपाळाची ही पोर आधी माझ्यापासून हलायची नाही. आता तिलाही ती बाईच गोड लागली.

दिवाळीच्या सुट्टीहून अपेक्षा परतली ती उतरल्या चेहऱ्यानं. गावात तिच्या चुलतवहिनीला नववा महिना लागला होता. पडद्यावरच्या बाईला विचारावं तसं अपेक्षानं तिला एकेक विचारलं होतं. आमच्या फरीदा मॅडमना ती म्हणाली, "मॅडम, सासरा सोप्यात बसलेला. त्याच्याम्होरं वैनी म्हणली, काय न्हाई, बरं हाय. मी खरं धरलं आन् उठले. निघताना तिची नडगी दाबली, तर सुजंवर बोटाचा खड्डा तसाच राहिला."

वहिनीचा रक्तदाब भलताच वाढलेला निघाला. जीप करून तिला दहिवडीच्या दवाखान्यात नेलं, म्हणून बाळ-बाळंतीण वाचली.

पाय दाबून बघायची सवय कोंडीबामुळं लागली, एवढं तरी ती म्हणेल म्हणून मी कान टवकारले. ती म्हणाली, "आपल्या बाईला बी दुखणं लपवाया शिकवूया."

झालं. पुन्हा तिचेच लाड. मॅडम आणि अपेक्षा, दोघींनी बसून पडद्यावरच्या बाईला सासरा दिला, लाज दिली. पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "काय न्हाई, बरं हाय," आणि नवी मुलगी उत्कर्षा तेवढ्यावर उठलीच.

अपेक्षानं तिचा हात धरला. "उठू नगं. पाय बघ."

पण पडद्याला पाय कुठले? मॅडमनी माझी चादर ओढून काढली, खाट पडद्याला लावली आणि सूज कळावी म्हणून माझ्या नडगीवर मळलेली कणीक थापली.

माझं जळणं थांबलंय असं समजू नका. तोंड तिचं, पाय माझे, आणि मला आता सगळ्या वैनी म्हणतात. पण ती 'बरं हाय' म्हणते आणि मुली दाराकडे बघतात, तेव्हा मला ओरडावंसं वाटतं, जाऊ नका, हात लावून बघा. मला वाचा नाही. मित्रांनो, तुम्हांला आहे. घरात कुणी बरं आहे म्हणून गप्प झालं, तर जवळ बसा आणि पुन्हा एकदा विचारा.