दोन चाळण्यांमधली चौकट

देवदाराच्या चार पट्ट्या, आठ पितळी स्क्रू आणि मध्ये मोकळी जागा, एवढाच माझा देह, मित्रांनो. मी मोजणीची जुनी लाकडी चौकट आहे. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या किनाऱ्यावर, होड्या बांधणाऱ्या एका शेडमध्ये मी जन्मले. जीवशास्त्रज्ञ डेल्फीन वेलेट यांनी मला आपल्या वडिलांकडून करवून घेतले.

"कोपरे काटकोनात हवेत हं, बाबा."

"माझ्या होड्या बुडत नाहीत, ही काय वाकडी होणार?" म्हातारा गुरगुरला. आणि मी नेमकी काटकोनात उतरले.

ओहोटी लागली की डेल्फीनबाई मला खाडीच्या चिखलावर ठेवत. माझ्या आतले शिंपले खणायचे, बारीक चाळणीत धुवायचे आणि एकेकाची लांबी मोजायची. तांदळाच्या दाण्याएवढे पिल्लूही सुटत नसे. अकरा वर्षे मी हे काम केले.

त्याच खाडीच्या काठावर हजार वर्षांपूर्वीच्या लोकांनी खाऊन टाकलेल्या शिंपल्यांचा मोठा ढीग आहे. तिथे पुरातत्त्वाचे अभ्यासक न्यूवेल टोमा खोदकाम करीत. ते तिथल्या मूळच्या पासामाक्वाडी जमातीचे, आणि ढीग त्यांच्याच पूर्वजांचा.

एकदा दोघांनी आपापले आकडे शेजारी मांडले. पूर्वीचे शिंपले सरासरी सात सेंटिमीटर, आताचे जेमतेम तीन! अति खणल्यामुळे शिंपल्यांना वाढायला वेळच मिळत नाही, खाडी पाच वर्षे बंद ठेवावी, असा अहवाल निघाला. जूनच्या गावसभेत त्यावर हात वर होणार होते. चाळीस घरांची चूल त्या चिखलावर पेटत होती.

त्यांतल्याच एका घरच्या, शिंपले खणणाऱ्या लेटी बील. पासष्ट वर्षांच्या लेटीबाई चिखलाचे बूट घालून थेट डेल्फीनबाईंच्या प्रयोगशाळेत शिरल्या. न्यूवेलही तिथेच होते.

"पोरी, माझे शिंपले एवढे रोडावले कधी गं?"

"लेटीबाई, मी अकरा वर्षं मोजतेय."

"काय मोजतेस ते दाखव की."

डेल्फीनबाईंनी चाळण पुढे केली. लेटीबाई हसतच सुटल्या. "अगं, ही तर बाळं! ह्यांचं काय कालवण करायचं? काय रे न्यूवेल, तुझी पणजी असली बाळं उकडायची होय?"

"पणजीचं नाव काढू नकोस, ती तुला खोऱ्यानं मारेल," न्यूवेल म्हणाले. मग त्यांचा चेहरा उतरला. "डेल्फीन, माझ्या चाळणीची भोकं वाटाण्याएवढी आहेत."

"आणि माझी मोहरीएवढीसुद्धा नाहीत," डेल्फीनबाई हळूच म्हणाल्या.

मित्रांनो, दोघेही काटेकोर होते. दोघांनीही 'चाळून मोजले' असेच लिहिले होते. पण एकीने पाळणाघर मोजले आणि दुसऱ्याने जेवणाचे ताट.

"अहवाल मागे घ्यायचा," डेल्फीनबाई म्हणाल्या.

"लोक हसतील."

"हसू देत."

सभेला आठ आठवडे उरले होते. दोघांनी मिळून एका पानाचा नियम लिहिला. चौकट एकच. दोन्ही चाळण्या दोन्हीकडे वापरायच्या. तुलना फक्त खाण्याजोग्या शिंपल्यांची. जागांवरून मात्र भांडण झाले.

"जागा चिठ्ठ्या टाकूनच ठरवायच्या," डेल्फीनबाई म्हणाल्या.

"मग चौकट खडकावर पडेल. बस मोजत खडक!" न्यूवेल म्हणाले.

शेवटी निम्म्या जागा चिठ्ठीने आणि निम्म्या लेटीबाईंच्या बोटाने ठरल्या.

आणि मी पहिल्यांदाच चिखल सोडून ढिगावर चढले! खाली कोरड्या, पांढऱ्या शिंपल्यांचे थर होते. सकाळी आजचे शिंपले माझ्यात, दुपारी हजार वर्षांपूर्वीचे. असे भाग्य कुठल्या चौकटीला लाभते?

जूनमध्ये निकाल वाचला गेला. खाडीच्या पूर्वेकडचे शिंपले पूर्वीएवढेच मोठे होते. पश्चिमेकडे मात्र मोठे शिंपले खरोखरच उरले नव्हते. तेवढाच भाग दोन वर्षे बंद ठेवायचा, असा नवा ठराव आला. सगळ्यांनी लेटीबाईंकडे पाहिले, कारण त्यांची नेहमीची जागा पश्चिमेलाच होती.

पहिला हात त्यांचाच वर गेला. "काय बघताय? ह्या खेपेला माझ्यासमोर मोजलंय."

आज माझ्याच मापाच्या चौकटी दूरदूरच्या किनाऱ्यांवर आहेत. माझे दोन स्क्रू खाऱ्या पाण्याने खाल्ले आहेत, म्हणून एवढेच मागते: काम झाले की मला गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा. आणि मित्रांनो, दुसऱ्याच्या आकड्याशेजारी आपला आकडा लिहिण्याआधी त्याच्याबरोबर एक दिवस चिखलात उतरा.