रिझर्व्हवर राहिलेला कॉक

मित्रांनो, जुन्या मोटरसायकलच्या टाकीखाली, डाव्या अंगाला, बोटभर लांबीची दांडी असलेला पितळी तुकडा दिसला तर तो मीच समजा. मला पेट्रोलचा कॉक म्हणतात. सध्या मी एका पत्र्याच्या शेडमध्ये धूळ खात पडलो आहे, आणि खरं सांगायचं तर आता माझं काही व्हायचं नाही.

कारखान्यात माझ्या डोक्यावर दोन नळ्या बसवल्या, एक उंच आणि एक बुटकी. उंच नळीतून पेट्रोल येतं ते 'मेन'. पेट्रोल तिच्या तोंडाखाली गेलं की इंजिन आचके देतं. मग चालवणाऱ्याने हात खाली घालून मला 'रिझर्व्ह'वर फिरवायचं, की बुटकी नळी तळाचं लिटरभर पेट्रोल पुरवते. आमच्या काळी काटाबिटा नव्हता, आचका हीच सूचना. पथ्य एकच होतं. टाकी भरली की मला आठवणीने परत मेनवर आणायचं. नाही आणलं तर तळाचं पेट्रोलही नकळत संपून जातं.

माझा मालक लाइनमन होता. खांबावर चढण्याआधी वीज बंद आहे ना, हे तो तीनतीनदा पाहायचा. जोडीदारांनाही "परत बघ, परत बघ" म्हणून भंडावून सोडायचा, म्हणून त्यांनी त्याचं नावच 'परतबघ' ठेवलं होतं. अशा माणसाच्या हाताखाली मी अकरा वर्षं ऐटीत काढली. "अख्ख्या गाडीत शहाणा काय तो हा कॉक," असं तो आपल्या लेकीला सांगायचा, तेव्हा मी फुलून जायचो.

एकदा गाडी रिझर्व्हला लागली आणि आम्ही पंपावर गेलो. टाकी भरून झाली. पुढे बसलेली चार वर्षांची लेक म्हणाली, "बाबा, गाडीला तहान लागली की ती उचक्या देते का?" तो इतका हसला की पंपावरच्या माणसालाही ते सांगत बसला. हसत हसतच त्याने किक मारली. मी रिझर्व्हवरच राहिलो. मला ओरडता येत असतं तर घसा फुटेपर्यंत ओरडलो असतो.

आठवड्याने भर दुपारी त्याच्या धाकट्या भावाचा फोन आला. त्यांची आई तीस किलोमीटरवर दवाखान्यात होती. "दादा, लगेच ये. आई सारखी तुलाच विचारतेय."

"अहो, पेट्रोल आहे ना?" बायकोने विचारलं.

"मेन संपत आलं असेल. पण रिझर्व्ह आहे की. सहज पोचेन."

निम्म्या वाटेत इंजिनाने आचका दिला. त्याचा हात सवयीने खाली आला. मी आधीच रिझर्व्हवर होतो. त्याची बोटं माझ्यावर तशीच राहिली. त्याने गाडी आडवी करून हलवली, त्या चार थेंबांवर ती फर्लांगभर गेली आणि बंद पडली. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. पुढच्या पंपापर्यंत सहा किलोमीटर तो गाडी ढकलत गेला.

दवाखान्याच्या फाटकाशी भाऊ उभा होता. "अर्धा तास झाला, दादा. शेवटपर्यंत दाराकडेच बघत होती."

त्या दिवसानंतर गाडी शेडमध्ये गेली. बायको म्हणाली, "अहो, कुणाच्याही हातून होतं असं."

"कुणाच्याही होतं. माझ्या व्हायला नको होतं," तो म्हणाला. मला तो एका शब्दाने बोलला नाही. चार शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

गेल्या आठवड्यात लेक शेडमध्ये आली. आता ती नोकरी करते. "बाबा, ही दुरुस्त करू या ना. मी चालवीन." त्याने टाकीवरची धूळ हाताने पुसली. मग उकिडवा बसला आणि इतक्या वर्षांनी त्याने मला मेनवर आणायला हात घातला. मित्रांनो, मला फिरायचं होतं हो! पण जुन्या पेट्रोलचा चिकटा माझ्या अंगात दगडासारखा बसला होता. त्याने पक्कड लावली, जोर केला, आणि माझी दांडी तुटून त्याच्या हातात आली.

"राहू दे, बाळा," तो म्हणाला. "याला उशीर झाला."

मित्रांनो, टाकी भरलीत की हसता हसता का होईना, एकदा हात खाली घालून बघा. मग परत बघा. माझी दांडी तो खिशात घालून घरात गेला, आणि मी अजून रिझर्व्हवरच आहे.