पहिल्या नोंदीच्या मागे

संध्याकाळ झाली की माझे डोळे नुसते उघडे असतात. बघायचं काम त्यांनी केव्हाच सोडलेलं असतं. नेमक्या अशा वेळी त्या आजी आल्या. एका पायात उंच टाचेचा फाटका बूट, दुसऱ्यात साधी चप्पल.

आमच्या दुकानात वाकड्या, आखूड, रुसलेल्या पायांचे बूट शिवतात. प्रत्येक पायाचा फर्मा, म्हणजे लाकडी साचा, मागच्या मांडणीत असतो आणि तो कुठल्या खणात ते फक्त संगणकाला ठाऊक.

"फोन नंबर सांगा, आजी."

नंबर हीच आमची किल्ली. नावाने शोधायची सोय आहे, पण फर्मे कोरणाऱ्या आमच्या मिस्तरींनी नावाच्या रकान्यात 'पोस्टवाले', 'चिडकी मावशी' असलं काहीबाही भरवून ठेवलंय.

आजींनी एकेक आकडा आठवून सांगितला. मी 'शोध' दाबलं. उजवा पाय, पुरुष. शेरा: वारले, फर्मा मोडीत.

"अगंबाई, हे तर आमचे 'हे'!"

"हो, पण तुमचा दिसत नाही."

"असं कसं? इथलेच बूट घालून म्हातारी झाले की मी."

पुन्हा शोधलं. पुन्हा तेच गृहस्थ. विचारलं तेवढंच सांगायचं, ही या यंत्राची आणि माझ्या दिरांची एकच रीत.

आतून मिस्तरी ओरडले, "नसेल तर नाही म्हणून सांग. नवा फर्मा माझ्याच्यानं होत नाही आता."

त्यांचे हात कप धरतानाही थरथरतात. तयार फर्म्यावर बूट शिवणं त्यांच्या जावयाला जमतं. लाकूड कोरणं कुणालाच नाही.

आजी खुर्चीवर टेकल्या. "म्हणजे आता घरातच बसायचं. बरं."

त्या 'बरं'नं माझ्यातलं उरलंसुरलं त्राणही गेलं. 'उद्या बघते हं' अगदी ओठांवर आलं होतं. नको ती कामं मी उद्यावरच ढकलते.

आजी संगणकाच्या पडद्याकडे मान वाकवून बघत होत्या. "ह्यांच्या मागे बघितलंस का गं? मी आपली कायम मागेच. हे ढांगा टाकत पुढे आणि मी 'अहो, थांबा' करत मागून."

मी हसले आणि हसता हसताच थबकले. एका नंबरवर दोन माणसं असली तर यंत्र पहिलं सापडलं की थांबतं. मागे कोण आहे ते बघायला 'पुढची नोंद' हे वेगळं बटण आहे. दिवसभर लागत नाही, म्हणून अडीनडीला आठवत नाही.

दाबलं. डावा पाय, आखूड. तळाचा खण. नाव: चिडकी मावशी. मी पडदा हळूच माझ्याकडे वळवला.

फर्मा जाळ्याजळमटांसकट निघाला. मिस्तरींनी तो दोन्ही हातांत घट्ट धरला, अंगठ्यानं टाच चाचपली. "हां! चिडकी मावशी!"

"चिडकी कोणाला म्हणता हो?"

"बघा, ओळख पटली," मिस्तरी म्हणाले आणि फर्मा पुसत आत गेले.

आजी उठल्या तेव्हा मी म्हटलं, "तुमच्या ह्यांची नोंद काढून टाकते. पुढच्या वेळी थेट तुमचीच येईल."

आजी दाराशी थांबल्या. फाटक्या बुटाचा बंद सुटला होता, तिकडे त्यांचं लक्षच नव्हतं.

"राहू दे गं. ते पुढे असले की बरं वाटतं. तू आपलं एक बटण जास्त दाब."

"दाबेन," म्हणत मी खाली वाकले आणि त्यांचा बंद बांधून दिला.