तो फोन कुणी केला

कोजागिरीच्या दिवशी पहाटे पाचला प्रेमाबाई आणि नागम्मा तामलवाडीतून अनवाणी निघाल्या. सोलापूरहून चालत आलेल्या लोकांनी रस्ता आधीच भरला होता. दोघींची घरं शेजारी. नागम्माचं माहेर कर्नाटकातलं, म्हणून ती प्रेमाबाईला अक्का म्हणायची. दहा वर्षं दोघी अशाच तुळजापूरला चालत जात होत्या.

या वर्षी प्रेमाबाईचं मागणं एकच होतं. लेक शिवांजली माकणीला दिलेली. नवरा तेरा वर्षांनी मोठा, घुमा. पोरीचा जीव तिथं रमत नव्हता. तिचा संसार मार्गी लागावा, हे प्रेमाबाईचं वाटेत दोनदा बोलून दाखवून झालं. नागम्मा खाली बघत दोन पावलं मागंच चालत होती.

"तोंड शिवलंय का आज?"

"पाय दुखायलेत," नागम्मा म्हणाली.

खरं तर पाय प्रेमाबाईचेच फुटले होते. दुपारी दोघी रस्त्याकडेच्या एका मंडपात बसल्या. तिथं चालणाऱ्यांना चहा, खिचडी आणि गरम पाणी मिळत होतं. नागम्मानं प्रेमाबाईचा पाय धुतला, मांडीवर घेतला आणि फोडांना खोबरेल लावायला लागली. मान वर न करता म्हणाली,

"अक्का, आईच्या पायऱ्या उतरायच्या आदी तुला एक सांगायचं हाय."

"सांग की."

"शिवूची सोयरीक मोडली तो फोन म्या केलता."

प्रेमाबाईला आधी कळलंच नाही. मग कळलं.

चार वर्षांपूर्वी शिवांजलीचं येडशीच्या एका मुलाशी ठरलं होतं. मुलगा रेल्वेत, माणसं चांगली. साखरपुडा झाला आणि चौथ्या दिवशी त्यांनी नकार कळवला. कुण्या बाईनं फोन करून सांगितलं होतं, पोरीला फिट येते. शिवांजलीला पाच वर्षांची असताना तापात एकदाच आकडी आली होती, पुन्हा कधी नाही. ते पाहिलेल्या बायका तिघीच. प्रेमाबाई, तिची जाऊ कडूबाई आणि नागम्मा.

प्रेमाबाईनं जावेला धरलं. गल्लीत उभी राहून तिला नाही नाही ते बोलली. कडूबाईनं लेकराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली, तरी ऐकलं नाही. बोलणं तुटलं. गावात चर्चा व्हायला लागली तशी घाईघाईनं माकणीचं स्थळ उरकलं. त्या लग्नाला सख्ख्या काकूला बोलावलं नव्हतं.

"का केलंस?" प्रेमाबाईनं विचारलं.

"त्या महिन्यात माझ्या पोरीला तीन ठिकाणांहून नकार आलता. अन् तू मला साखरपुड्याच्या पुऱ्या लाटाया बोलावलंस. समद्या बाया म्हणत हुत्या, शिवूसारखी पोरगी न्हाय. माझं डोस्कं फिरलं, अक्का. सोलापूरला गेलते, तिथं एका दुकानातनं फोन लावला."

प्रेमाबाईला भलतंच आठवत होतं. कडूबाईशी भांडून ती घामाघूम झाली तेव्हा नागम्मानंच पाणी आणून दिलं होतं.

"घरातल्याबिगर हे कुणाला ठावं, असं त्या दिवशी तूच म्हनलीस ना मला?"

"व्हय."

"अन् आता चार वर्षांनी सांगतीस?"

"छातीवर दगड ठेवल्यावानी हुतंय. असं घिऊन आईसमोर कशी हुबी राहू?"

"मंजी तुला हलकं व्हायचंय." प्रेमाबाईनं पाय ओढून घेतला. "माझ्या लेकीचं वाटोळं केलंस, माझं घर फोडलंस, अन् तुझ्या दर्शनात खोट नगं म्हणून मला सांगायलीस!"

ती तशीच तेलकट पायानं रस्त्याला लागली. नागम्मा रडत मागं आली. "अक्का, मार मला, पर थांब." लोक वळून बघायला लागले. प्रेमाबाई थांबली, पण मारलं नाही.

"माझ्या मागं येऊ नगस," एवढंच म्हणाली.

नागम्मा तिथंच रस्त्याच्या कडेला खाली बसली.

उरलेली वाट प्रेमाबाईनं कशी काढली, तिचं तिलाच ठाऊक. बाळंतपणात नागम्मानं केलेली पेज, आजारपणात भरलेलं पाणी, सगळं एकेक करून नासत गेलं. दर्शनाच्या रांगेत असताना शिवांजलीचा फोन आला.

"आई, पोचलीस का? नागम्मा मावशीला दे की फोन."

"मागं राहिलीय ती."

"तिला सांग, माझ्या नावानं बी हात जोड."

प्रेमाबाईनं फोन ठेवला. गाभाऱ्यापाशी पोचली तेव्हा मागणं तोंडातून निघेना. नुसती बघत राहिली, तोवर मागच्यांनी पुढं ढकललं.

बाहेर आल्यावर तिनं कडूबाईला फोन लावला आणि एका दमात सगळं सांगितलं.

"शिव्या गल्लीत दिल्या हुत्यास," कडूबाई म्हणाली. "हे बी गल्लीत सांगशील का?"

"सांगते."

दुसऱ्या दिवशी प्रेमाबाई खरंच गल्लीत उभी राहिली. नागम्माचं दार बंद होतं. बायका जमल्या. प्रेमाबाईनं सांगितलं, चुकले म्हणाली, जावेपुढं वाकली. कडूबाईनं पिठाचे हात तसेच धरून ऐकलं.

"उशीर लई केलास," म्हणाली आणि भाकरी थापायला आत गेली.

दिवाळीला कडूबाई आली नाही. नागम्मा लेकीकडं निघून गेली, कधी परत येणार कुणाला ठाऊक नाही. शिवांजली मात्र फोनवर अजून मावशीची चौकशी करते, आणि प्रेमाबाईला तिला काय सांगावं ते कळत नाही.