रिकामी ठेवलेली लांबी

मेट्रनबाईंनी मनगटपट्ट्यांची चळत संगणक-कक्षाच्या टेबलावर आपटली. "एका मनगटावर दोन दोन माणसं! बाराला शस्त्रक्रिया आहेत. तोवर निस्तरा, नाहीतर मी हाताने नावं लिहिते. अक्षर माझं तुमच्या यंत्रापेक्षा बरं आहे."

प्रत्येक लहान नावाला पुढच्या रुग्णाच्या नावाचा आरंभ चिकटला होता.

कक्षप्रमुख बाईंचे तोंड उतरले. त्यांची नेमणूक अजून कच्ची होती. ती कायम करायची की नाही, हे याच आठवड्यात ठरायचे होते. त्यांनी वडिलांना बोलावले. पट्ट्या छापणारा प्रोग्राम तीस वर्षांपूर्वी त्यांनीच असेम्ब्लरमध्ये, म्हणजे यंत्राच्या स्वतःच्या आज्ञांत, लिहिला होता; निवृत्तीनंतर तो लेकीच्या हाती आला होता.

वडिलांनी चष्मा पुसला आणि प्रोग्रामच्या छापील प्रतीवर फूटपट्टी ठेवून ते ओळ ओळ वाचू लागले.

"बाबा, जरा घाई करा ना."

"घाई तुझ्या आईला जमायची. मला ओळीनेच जावं लागतं."

शेवटच्या पानावर फूटपट्टी थांबली. प्रोग्राम जिथे संपतो त्याच्याही खाली एक आज्ञा एकटीच उभी होती: नाव उचलून मनगटपट्टीवर ठेवण्याची. प्रोग्रामचा ओघ तिच्यापर्यंत कधी येत नसे. वर नावाची लांबी मोजली जाई, दुसरी एक आज्ञा ती लांबी घेऊन हिला हाक मारी. तेवढ्या क्षणापुरती लांबी हिच्यात मिसळे, काम होई, आणि ही पुन्हा पूर्ववत् निर्लेप. म्हणूनच तिच्या लांबीच्या जागी वडिलांनी शून्य ठेवले होते. आता तिथे सोळा होते. जागा आधीच भरलेली असली की आलेली लहान लांबी तीत बुडून जाते; नाव चार अक्षरांचे असो वा नऊ, यंत्र सोळाच उचलते.

"हे सोळा कुणाचे?"

"माझे," लेक हळूच म्हणाली. "काल घातले. वाटलं, तुम्ही लांबी लिहायला विसरलात."

"मग विचारायचं नाही?"

"विचारलं असतं तर तुमची चूक चारचौघांत गेली असती. म्हणून गुपचूप बुजवली."

"तपासलंस तरी?"

"माझं पूर्ण नाव घालून."

वडिलांनी बोटांवर अक्षरे मोजली आणि त्यांना हसू आवरेना. "बरोबर सोळा! आईला तुझ्या म्हटलं होतं, पोरीचं नाव जरा आखूड ठेव."

तिने शून्य परत ठेवले. चार अक्षरांचे नाव चार अक्षरांतच छापले गेले. मग तिने दोषांची नोंदवही उघडली, आणि लेखणी थांबली.

"माझ्या नावावर लिही," वडील म्हणाले. "जुना प्रोग्राम, जुना माणूस, कुणी शंका घेणार नाही. निवृत्ताला कोण कामावरून काढणार?"

"काल मी तुमची चूक झाकायला गेले, आज तुम्ही माझी झाकता. पुरे झालं, बाबा." तिने स्वतःचे सोळा अक्षरी नाव लिहिले.

वडिलांनी प्रत जवळ ओढली. "वाचणाऱ्याला कळेलच, असं मी तीस वर्षं समजत आलो," असे पुटपुटत त्यांनी त्या आज्ञेच्या समासात लिहिले: हे शून्य बुद्ध्याच ठेवले आहे. लांबी हाक मारणारी आज्ञा आणते.

मेट्रनबाई दारात आल्या. "कुणाची चूक होती?"

"माझी," लेक म्हणाली.

मेट्रनबाईंनी वरची पट्टी निरखून वाचली. "हं. मी मात्र उगाच पेन्सिलींना टोकं काढली."