पोच

"ही भिंत पाडावी लागेल, कुशाबा," जीपमधून उतरता उतरताच इंजिनिअर अमोघ म्हणाला.

कुशाबा वाळंजांच्या हातातला ओळंबा हातातच राहिला. २००८ साल होतं. मुळशीच्या धरणावरच्या डोंगरात बंगल्यांची वसाहत उठत होती आणि तिच्या दगडी भिंतीचा ठेका त्यांच्याकडे होता. दीड महिन्यात ऐंशी फूट भिंत उभी राहिली होती. दगडाला दगड असा बसला होता की सुई शिरायची नाही.

"का वं? वाकडी हाय का कुटं?"

"सरळ आहे, पण जागा चुकली. नव्या ड्रॉइंगमध्ये ती चार फूट आत आहे. वीस दिवस झाले वेबसाइटवर टाकून."

"माज्या हातात न्हाई आलं."

"हातात कशाला यायला हवं? अपलोड झालं की तुम्हाला पोचलं, असं करारात आहे. सही केलीय तुम्ही. पासवर्ड दिला होता ना?"

"दिला व्हता. कुनाला सांगू नका म्हनला तुमी. पेटीत हाय, कुलपात. बायकूलाबी न्हाई सांगितला."

अमोघ फसकन हसला. ते हसू कुशाबांच्या डोक्यात गेलं. तीस वर्षं नकाशा हातात आला, की ते दुसऱ्या प्रतीवर तारीख घालून सही करत. अशी पोच दिल्याशिवाय त्यांनी कधी पाया खणला नव्हता.

"वीस दिसांत हितनं चार येळा गेला तुमी. बोलला का न्हाई?"

"तोंडी सांगायचं नसतं. सिस्टिमवर टाकलं की संपलं."

"मग पोच कुनी दिली?"

"सिस्टिमच देते. आपोआप."

"मशिनला हाय म्हना की पोच! तुमाला न्हाई."

अमोघचा चेहरा पडला, मग लाल झाला. त्याने फाइलीतून पत्र काढलं. "वाद नको. ठेका रद्द झालाय. जेसीबी येतोय. हे घ्या आणि इथे पोच द्या."

"ह्ये न्हाई टाकलं वेबसाइटवर?"

"हे हातातच द्यावं लागतं. करारात तसंच आहे."

पत्र फाडून त्याच्या तोंडावर फेकावं, असं कुशाबांना फार वाटलं. पण कागद हातात आला होता. त्यांनी तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, दुसऱ्या प्रतीवर 'मिळाले' असं लिहिलं, तारीख घातली आणि नेहमीसारखी पूर्ण नावाची सही केली.

जेसीबी चढ चढून वर आला. कुशाबांनी हात करून त्याला थांबवलं आणि भिंतीला ओळंबा लावला. दोरी हलायची थांबली. सूतभरही फरक नव्हता.

त्यांनी दोरी गुंडाळली, ओळंबा पिशवीत टाकला आणि ते बाजूला झाले.