डावीकडचे खांब

चष्म्याच्या दुकानदाराला होडीचं वेड लागावं यात हसण्यासारखं बरंच आहे, आणि लोक हसायचे ते पोटभर हसून झाले होते. चोवीस वर्षं हा माणूस अंधाऱ्या खोलीत बसून "आता स्पष्ट दिसतंय? आणि आता?" एवढंच विचारत आलेला. पोट सुटलेलं, गुडघे कुरकुरणारे. पन्नाशी उलटल्यावर याच्या डोक्यात काय शिरलं कोण जाणे, म्हणे बेचाळीस किलोमीटरची होड्यांची शर्यत! मधे दोन बंधारे, आणि दर बंधाऱ्याला होडी खांद्यावर घेऊन काठाकाठाने पळायचं. बायको म्हणाली, "अहो, जिना चढताना दोनदा थांबता तुम्ही!" पण ऐकतो कोण?

ती होडी दोघांची असते. जोडीदार मिळाला तो घरातलाच, बायकोचा धाकटा भाऊ. मेहुणा लाँड्रीची व्हॅन चालवायचा. हॉस्पिटलच्या चादरी न्यायच्या, धुऊन परत पोचवायच्या, दिवसभर रस्त्यावर. खांदे रुंद, तोंड सदा चालू. "भाऊजी, तुम्ही नुसते पुढे बसा हो, मी आणतो तुम्हाला पार," असं म्हणून तो तयार झाला. पहिल्या वर्षी पहिल्याच वळणावर होडी उलटली. दुसऱ्या वर्षी दुसऱ्या बंधाऱ्याला पोचले तेव्हा ठरलेला वेळ संपलेला. पंचाने झेंडा आडवा धरला आणि दोघांना गाडीत घालून परत पाठवलं. क्लबचे मास्तर म्हणाले, "तुम्हाला बघून बाकीच्यांचा हुरूप वाढतो, म्हणून ठेवलंय."

पण चष्मेवाल्याने सोडलं नाही. खरं सांगायचं तर त्याला आयुष्यात कशाचा हट्ट असा नव्हताच. दुकान वडिलांचं, लग्न आईने ठरवलेलं. ही एक गोष्ट त्याची स्वतःची होती. पहाटे दोघांची वल्ही एकदम पाण्यात पडायला लागली की होडी आपसूक उचलली जाते आणि पळते. तसं झालं की त्याला हसू फुटायचं, एकट्यालाच. एकदा, फक्त एकदा शेवटची रेघ ओलांडायची, एवढंच त्याला हवं होतं.

आता होडीत बसायची रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. पुढचा बसतो तो मान खाली घालून ताल देतो. मागचा होडी वळवतो आणि आठदहा फटक्यांनी "हप!" म्हणून ओरडतो, की दोघांनी वल्ह्याची बाजू बदलायची. मागच्याला समोर काय दिसतं? पुढच्याची पाठ. नदी त्याला दिसते ती त्या पाठीच्या दोन बाजूंनी, डोळ्यांच्या कडांनी. त्या कडांवरच सगळी होडी चालते.

तिसऱ्या वर्षीच्या सरावात एकाच आठवड्यात होडी तीनदा धक्क्याच्या खांबाला घासली. तिन्ही वेळा डाव्या बाजूने. मेहुणा हसला. "खांबच मधे येतात हो, भाऊजी!" चष्मेवाल्याने नंबर लागला असेल म्हणून रविवारी त्याला दुकानात बोलावलं. मेहुण्याने तक्त्यावरची शेवटची बारीक ओळही धडाधड वाचली. "बघा, गरुडाची नजर आहे!" नंबर शून्य. मग चष्मेवाल्याने त्याचा उजवा डोळा झाकला, म्हणाला, "माझ्या नाकाकडे बघ. बोट दिसलं की सांग," आणि डावीकडून बोट हळूहळू आत आणलं.

बोट कानाशी आलं. गालाशी आलं. मेहुणा शांतपणे नाकाकडे बघत बसलेला. बोट जवळजवळ नाकासमोर आलं तेव्हा तो म्हणाला, "हां, आलं."

 चष्मेवाला काही डॉक्टर नव्हता, पण हे त्याने आधी पाहिलेलं होतं, आणि कुठे पाहिलं होतं तेही त्याला आठवलं. त्याचे सासरे शेवटची सहा वर्षं भिंतीला हात लावून चालायचे. काचबिंदू. दुखत नाही, खुपत नाही, समोरचं दिसत राहतं आणि कडा गुपचूप जातात. गेल्या त्या गेल्या. वेळीच औषध पडलं तर राहिलेलं मात्र राखता येतं.

"डॉक्टरला एकदा दाखवून घे," तो म्हणाला.

"का? गडबड आहे काही?"

इथे त्याने तोंड उघडायचं होतं. त्याच्या डोक्यात काय आलं असेल? डॉक्टर होडीत बसू देणार नाही, हे आलं. शर्यतीला तीन महिने आहेत, एवढ्यात दुसरा जोडीदार मिळायचा नाही, हे आलं. पुढच्या वर्षी गुडघे साथ देतील की नाही, हेसुद्धा आलं. आणि हा चोवीस वर्षं लोकांचे डोळे तपासणारा शहाणा काय म्हणाला, तर, "विशेष नाही रे. शर्यत होऊन जाऊ दे, मग निवांत दाखव."

बोलून गेला! सख्ख्या मेहुण्याला! आणि याची बायको, मेहुण्याची सख्खी बहीण, तेव्हा आतल्या बाजूला फ्रेमा पुसत होती.

त्या दिवसापासून तो होडीत बोलायला लागला. मान वर करून ताल द्यायचा आणि मधेमधे सांगायचा, "डावीकडे खांब, जरा उजवीकडे घे. डावीकडे होडी येतेय. आता सरळ." मास्तर काठावरून ओरडायचे, "पुढच्याने तोंड बंद ठेवायचं असतं!" मेहुण्याला वाटलं, भाऊजींना आता कुठे नदी कळायला लागली. तो खूश झाला. होडी खांबाला घासेनाशी झाली, वेळ सुधारला. चष्मेवाला मनाला समजवायचा, मी आहे ना, मी बघतोय ना त्याच्या वाटचं. पण तो बघत होता ते पहाटेचे दोन तास. उरलेला दिवस मेहुणा व्हॅन घेऊन एकटाच फिरत होता, हे त्याला ठाऊक होतं. ठाऊक असून तो रात्री आडवा झाला की कूस बदलत राहायचा आणि बायकोने विचारलं तर "खांदा दुखतोय" म्हणायचा.

एकदा व्हॅनमधूनच दोघं नदीवर निघाले होते. वळणावर डावीकडून एक बाई सायकल घेऊन आली. चष्मेवाला जिवाच्या आकांताने ओरडला, "सायकल!" मेहुण्याने करकचून ब्रेक दाबला. बाईने दोघांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि ती निघून गेली. मेहुण्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. नदी येईपर्यंत त्याने व्हॅन बैलगाडीच्या चालीने हाकली. चष्मेवाल्याच्या ओठावर सगळं आलं होतं. शर्यतीला तेव्हा नऊ दिवस उरले होते. त्याने ते गिळलं.

शर्यतीच्या दिवशी बायको, मेहुण्याची बायको आणि त्याची मुलगी, तिघी पुलावर उभ्या होत्या. सत्तर होड्या एकदम सुटल्या आणि पाण्याची नुसती घुसळण झाली. चष्मेवाल्याने तोंडाचा पट्टा सुरू केला. "डावीकडे लाल होडी, अंगावर येतेय, उजवीकडे घे. बस. खांब. दुसरा खांब. आता मोकळं." त्याचा घसा पहिल्या तासातच बसला. दहाव्या किलोमीटरला हाताला फोड आला, विसाव्याला तो फुटला. पहिल्या बंधाऱ्यावर होडी खांद्यावर घेऊन पळताना त्याला सांगायचं सुचलं नाही आणि मेहुणा डावीकडच्या पाण्याच्या टेबलावर आदळला. पेले सगळे जमिनीवर. लोक हसले, मेहुणाही हसला. "टेबल कुणी ठेवलं रे मधे!" त्या हसण्यात चष्मेवाला सोडून सगळे सामील होते.

दुसरा बंधारा वेळेत पार झाला. झेंडा घेतलेला पंच तोच होता. यंदा त्याने झेंडा बाजूला करून टाळ्या वाजवल्या. शेवटचे दहा किलोमीटर चष्मेवाल्याला पाठ जाणवतच नव्हती. आवाज कुत्र्याच्या घोगऱ्या भुंकण्यासारखा झाला होता, तरी तो सांगत राहिला. खांब, वळण, होडी, खांब. मागून "हप!" येत राहिलं. आणि साडेपाच तासांनी त्यांनी रेघ ओलांडली. सत्तरात एकसष्टावे. चष्मेवाला वल्हं मांडीवर ठेवून ढसाढसा रडला. लोकांना वाटलं, आनंदाने.

काठावर मेहुण्याने त्याला उचलूनच घेतलं. गळ्यात पदक, अंगावर चिखल. तिघी धावत आल्या. मुलगी बापाला बिलगली. सगळे जरा निवांत बसल्यावर मेहुणा एकाएकी गंभीर झाला.

"ताई, आता सांगतो, तेव्हा सांगितलं नाही. गेले काही महिने मी फार घाबरलो होतो गं. डावीकडचं मला दिसतच नाही असं वाटायला लागलं होतं. बाबांसारखं. मागल्या आठवड्यात तर एक सायकलवाली बाई मरता मरता वाचली. झोप उडाली माझी. मालकाला सांगितलं, सोमवारपासून व्हॅन दुसऱ्याला द्या. उद्याची डोळ्यांच्या डॉक्टरची वेळसुद्धा घेतली होती."

"अरे देवा! मग?" ताई म्हणाली.

"मग काय? मनाचे खेळ!" त्याने मांडीवर थाप मारली. "बेचाळीस किलोमीटर, ताई! एका खांबाला घासली नाही होडी. भाऊजी ओरडतात ते सवयीने, वळवत तर मीच होतो! डोळे गेलेल्या माणसाला जमेल का हे? आत्ताच डॉक्टरकडे फोन करून नको म्हणून सांगितलं. मालकालाही सांगतो, उद्या मीच येतोय. चला, बसा सगळ्या गाडीत, तुम्हाला घरी सोडतो."

मुलगी गाडीकडे पळालीसुद्धा. मेहुण्याने खिशातून किल्ली काढली.

चष्मेवाला उठून त्याच्यासमोर उभा राहिला. 

"गाडी चालवू नकोस," तो म्हणाला. 

"दमलात तुम्ही, भाऊजी. मी ठीक आहे."

"तू ठीक नाहीस. खांब मी सांगत होतो तुला. एकूण एक. होड्यासुद्धा. तुला डावीकडचं दिसत नाही म्हणून सांगत होतो."

मेहुणा हसायला गेला, ते हसू अर्ध्यावर थांबलं. "तुम्हाला कसं माहीत?"

"त्या रविवारी दुकानात कळलं."

"नंबर बघितलात तेव्हा?" मेहुण्याने बोटांवर मोजलं, लहान मुलासारखं. "तीन महिने झाले त्याला."

"हो."

"तुम्हाला मी विचारलं होतं, गडबड आहे का म्हणून."

"विचारलं होतंस."

बायको नवऱ्याकडे बघत होती. एरवी तिचं तोंड कुणाला आवरायचं नाही. आज ती एवढंच म्हणाली, "माझ्या बाबांना बघितलं होतंत तुम्ही. सहा वर्षं बघितलं होतंत." आणि ती भावाच्या बाजूला जाऊन उभी राहिली.

 मेहुण्याने अगदी साध्या आवाजात विचारलं, जसं गिऱ्हाईक विचारतं, "गेलेलं परत येतं का हो?"

"नाही. राहिलेलं राखता येतं."

"म्हणजे तीन महिन्यांपूर्वी आजच्यापेक्षा जास्त राहिलं होतं."

चष्मेवाल्याने मान डोलावली. माफी मागायची म्हणून त्याने तोंड उघडलं, पण मेहुण्याने हात वर करून त्याला थांबवलं आणि किल्ली स्वतःच्या बायकोच्या हातात दिली. मुलीला हाक मारून परत बोलावलं. मग फोन काढून लावला आणि डॉक्टरकडच्या बाईला म्हणाला, "मघाशी नको म्हणालो होतो, ती उद्याची वेळ राहू द्या. हो, नऊची. येतोय."

फोन ठेवून तो चष्मेवाल्याकडे वळला. डावीकडे उभा असलेला माणूस दिसावा म्हणून त्याला पूर्ण वळावं लागलं.

"उद्या तुम्ही चला माझ्याबरोबर," तो म्हणाला. "डॉक्टर विचारेल, कधीपासून आहे, आणि इतके दिवस का दाखवलं नाही. ते तुम्ही सांगायचं. मी गप्प बसणार."

"येतो," चष्मेवाला म्हणाला.